बाटली रंगवण्याआधी तिचं नाव वाचा!

मुलांनो, आपल्या घरात काचेच्या रिकाम्या बाटल्या किती असतात, कधी मोजल्यात का? जॅमची बुटकी बरणी, मधाची बाटली, सॉसची उंच मानेची, लोणच्याची रुंद तोंडाची, कॉफीची, गुलाबपाण्याची... आई त्या धुऊन, पुसून फडताळात ठेवून देते. म्हणते, "राहू दे, लागेल कधीतरी." ते 'कधीतरी' काही येत नाही आणि एक दिवस सगळ्या बाटल्या भंगारवाल्याच्या पोत्यात जातात.

त्यातल्या दोन-चार बाटल्या तुम्ही मागून घ्या. थोडे रंग, एक-दोन कुंचले आणि सुट्टीतल्या तीन-चार दुपारी एवढ्यावर त्यांचं रूप असं पालटतं, की पाहुणे विचारतात, "कुठून आणली हो?"

पण रंगाचं झाकण उघडण्याआधी एका गोष्टीचा विचार करू. बाटली रंगवायची म्हणजे आधी काय करायचं? तिच्यावरचं लेबल काढायचं. लेबल म्हणजे बाटलीचं नाव-गाव. आत काय होतं, ते खायचं होतं की नाही, कुणी बनवलं, सगळं त्या कागदावर असतं. तो कागद निघाला आणि वर सुंदर फुलं-पानं आली, की आत पूर्वी काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. तुम्हालासुद्धा चार महिन्यांनी आठवणार नाही. म्हणून बाटली रंगवणाऱ्याची दोन कामं. जुनं नाव पुसण्याआधी ते नीट वाचायचं आणि रंगवून झाल्यावर बाटलीला नवं नाव द्यायचं. मधलं सगळं काम निव्वळ मजेचं!

कोणती घ्यायची, कोणती नको?

उदाहरणासाठी आपण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके घेऊ. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, द्राक्षं, डाळिंबं आणि घरोघरी दुभती जनावरं असा हा मुलूख. इथल्या मुलांना बाटल्या फक्त स्वयंपाकघरातच दिसतात असं नाही. बांधावर, विहिरीजवळ, पंपाच्या खोलीत, गोठ्याच्या कोनाड्यातही दिसतात. फवारणीच्या औषधाच्या, तणनाशकाच्या, जनावरांच्या इंजेक्शनच्या. त्यातल्या काही इतक्या देखण्या असतात, की हातात घ्याव्याशा वाटतात. चिमुकली जाड काच, रबरी बूच... 'यात एकच फूल काय छान दिसेल!'

त्या घ्यायच्या नाहीत. कितीही धुतल्या तरी नाहीत!

आपल्या देशात १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला आणि १९७१ साली त्याचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे अशा औषधाच्या लेबलवर एक खूण छापावीच लागते. टोकावर उभा केलेला चौकोन आणि त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणाचा रंग वाचायला शिका:

लाल : अतिशय विषारी. वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांचं चित्रही असतं.
पिवळा : फार विषारी.
निळा : मध्यम विषारी.
हिरवा : त्या मानाने कमी विषारी.

हिरवा दिसला म्हणजे बाटली चालेल, असा अर्थ मात्र काढू नका हं! चारही रंगांच्या बाटल्या आपल्यासाठी बादच. अशी रिकामी भांडी कुणी पुन्हा वापरू नयेत, ती मोडून वस्तीपासून लांब पुरावीत, असं नियमातच म्हटलं आहे. हे काम मोठ्या माणसांचं. तुम्हाला अशी बाटली पडलेली दिसली, तर हात न लावता घरी सांगायचं. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

शेती नसलेल्या घरांतही 'नको'ची यादी असते. फिनेल, ॲसिड, टर्पेंटाइन, रॉकेल, ढेकणांचं औषध यांच्या बाटल्या बाद. माणसांच्या औषधाची बाटली घेऊ का, अशी शंका आली तर मोठ्यांना विचारा. आणि जिच्यावर लेबलच नाही, आत काय होतं हे घरात कुणालाच माहीत नाही, ती बाटली कितीही आवडली तरी सोडून द्यायची.

मग उरल्या त्या जॅम, मध, लोणचं, सॉस, कॉफी, सरबत यांच्या. त्यांतलीही कड फुटलेली किंवा तडा गेलेली नको. तोंडावरून बोट फिरवून तडा शोधू नका, बोट कापेल. उजेडात धरून पाहिली की तडा चकाकतो.

काच म्हणजे काय?

बाटली उजेडात धरलीच आहे, तर तिच्याकडे जरा नीट बघून घ्या. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून भट्टीत सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की त्यांचा पाकासारखा रस होतो. फुंकून किंवा साच्यात घालून त्याला आकार देतात. जुनी काच फोडून पुन्हा वितळवली तर पुन्हा तशीच काच मिळते, कितीही वेळा!

हा उद्योग आपल्याकडे उभा करण्यासाठी पुणे जिल्ह्यात एक मोठा प्रयत्न झाला होता. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे चांगली काच बहुतेक परदेशातूनच येई. अंताजी दामोदर काळे यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी धंदे उभे करावेत. या 'पैसा फंडा'ला लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला. आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशी जाऊन काचकाम शिकून आलेले गृहस्थ तिथे मुलांना शिकवत. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. तुमच्या पणजीला विचारलंत, तर त्या कंदिलाची काच राखेने कशी पुसायची हे ती नक्की सांगेल.

साहित्य

काचेची बरणी किंवा बाटली, ॲक्रिलिक रंग (कापडावर वापरतात तेही चालतात), एक बारीक आणि एक जाड कुंचला, स्पंजचा तुकडा, खायचा सोडा, गोडेतेल, व्हिनेगर, सुती फडकं, काचेवर लिहिणारं मार्कर पेन, दोन जुने टॉवेल आणि खाली पसरायला वर्तमानपत्र.

रंगांबद्दल दोन शब्द. शाळेतले पोस्टर कलर काचेवर बसतात, पण ओला हात लागला की निघून येतात. फक्त त्यांचीच बाटली असेल तर त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळा, जरा बरे टिकतात. दुकानात 'ग्लास कलर' मिळतात. ते पारदर्शक असतात आणि त्यांतून उजेड झिरपतो. त्यांतल्या काहींना उग्र वास येतो, म्हणून ते खिडकी उघडी ठेवून, मोठं माणूस जवळ असताना वापरा.

माळ्यावर दाराच्या ऑइलपेंटचा जुना डबा असेल, तर तो मात्र उघडू नका. पूर्वी अशा पुष्कळ रंगांत शिसं असायचं आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय आहे, कोण सांगणार?

आधी आंघोळ

१) बादलीत कोमट पाणी घ्या आणि बाटली अर्धा तास बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको. जाड काच एका बाजूने तापते, फुगते, दुसरी बाजू थंडच राहते आणि मग तडकन तडा जातो.

२) लेबल सोलून काढा. काढण्याआधी वाचायचं ठरलंय ना आपलं? डिंकाचा चिकट थर राहिला तर सोडा आणि तेल कालवून तो लेप चोळा. दहा मिनिटांनी साबणाने धुवा.

३) उन्हात पालथी घालून पूर्ण वाळू द्या. आत थेंब राहिला तर पुढे काच धुरकट दिसते.

४) व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने बाहेरून पुसा. आता बाटलीच्या पोटाला बोटं लावायची नाहीत! काच अगदी गुळगुळीत असते. कागदासारखा ती रंग पिऊन घेत नाही, रंग नुसता वर बसून राहतो. मध्ये बोटांचं तेल आलं तर तेवढ्या जागेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून बाटली मानेला धरा, किंवा बरणी असेल तर डावा हात आत घालून.

५) गोल बाटली घरंगळू नये म्हणून टॉवेलांच्या दोन गुंडाळ्या करून त्यांच्यामध्ये ती आडवी ठेवा. उभी ठेवायची असेल तर डोक्यावर घागर घेताना करतात तशी चुंबळ करा आणि तीत बाटली बसवा.

पेन्सिल काचेवर उमटत नाही. मग चित्र काढायचं कसं? बरणीचं तोंड रुंद असेल तर एक युक्ती आहे. चित्र कागदावर काढा, कागद बरणीच्या आत काचेला चिकटवून बसवा आणि बाहेरून त्यावर मार्कर फिरवा. कागद काढून घेतला की रेघा काचेवर तयार!

रंग पातळ थरांत द्या. एक थर वाळल्यावरच दुसरा. जाड थर ओघळतो, आणि घाईने दुसरा हात मारला तर खालचा रंग कुंचल्याबरोबर उचलून येतो. मोठ्या जागा भरायला स्पंजने टिपत जा, कुंचल्याच्या रेघा दिसत नाहीत. पूर्ण झाल्यावर बाटली तीन-चार दिवस तशीच राहू द्या. हात लावून बघायचा मोह आवरा!

रिंगण : न संपणारं चित्र

आता चित्र कशाचं? फुलं आणि फुलपाखरं तर सगळेच काढतात. आपल्या गावचं काहीतरी काढू या.

कागदाला डावी कड असते, उजवी कड असते. बाटलीला कडच नाही! चित्र सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, हे सांगता येत नाही. मग जी गोष्ट मुळातच गोल आहे, ती बाटलीवर किती शोभेल! बारामती-इंदापूरच्या मुलांना ती शोधायला लांब जायला नको. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, बारामतीला मुक्काम करते आणि इंदापूरच्या वाटेला लागते. वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्यांचा कळप पालखीभोवती धावत फेरा घालतो. पुढे बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण होतं.

मेंढ्यांचं रिंगण काढायला अगदी सोपं. बरणीच्या पोटावर स्पंजच्या छोट्या तुकड्याने पांढरे-करडे ठिपके गोल टिपत जा. वाळल्यावर प्रत्येक ठिपक्याला काळं तोंड आणि चार काड्यांचे पाय. झाली मेंढी! सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवा. वर पताकांची भगवी रांग, खाली मातीची तपकिरी पट्टी. शेवटची मेंढी पहिलीच्या शेपटीला आली पाहिजे, म्हणून आधी मार्करने खुणा करून जागा मोजून घ्या. नाहीतर शेवटी अर्धीच मेंढी बसते!

सुप्याजवळ राहणाऱ्यांना चिंकारा काढता येईल. बारामती तालुक्यातल्या सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण तिथल्या गवताळ माळावर हे हरीण दिसतं. पिवळ्या गवताच्या उभ्या रेघा बाटलीभर, आणि त्यांतून डोकावणारी दोन कान, दोन शिंगं.

उलटं चित्र : उजनीचे रोहित

आता जरा अवघड काम. पण जमलं तर तुमची बाटली शंभरात उठून दिसेल.

इंदापूर तालुक्याच्या कडेने भीमा नदी वाहते. तिच्यावरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भिगवण, कुंभारगावपर्यंत पाणी पसरलं. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी येतात. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतात, इंग्रजीत फ्लेमिंगो. पांढरट गुलाबी अंग, पंख उघडले की लालबुंद आणि काळी किनार, काठीसारखे पाय. याच पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ बुडालेलं आहे. धरणाचं पाणी फार खाली गेलं, की ते वर येतं.

हे चित्र आपण बाटलीच्या मागच्या बाजूला काढायचं आणि पुढून, काचेतून बघायचं! पुढची बाजू मोकळीच ठेवायची.

इथे एक गंमत होते. पुढून पाहताना सगळ्यात आधी लावलेला रंग दिसतो, शेवटी लावलेला त्याच्यामागे लपतो. म्हणजे कागदावर आपण करतो त्याच्या बरोबर उलटा क्रम. आधी पक्ष्याचा डोळा, मग चोचीचं काळं टोक, मग पंखाची किनार. ते वाळल्यावर त्यांच्यावरूनच गुलाबी अंग भरायचं. मग देवळाचा कळस आणि सगळ्यात शेवटी निळं पाणी. डोळा विसरलात आणि गुलाबी रंग लावलात, तर मग इलाज नाही. डोळा मागेच राहणार! अक्षरं काढणार असाल तर तीही आरशातल्यासारखी उलटी. या कामाला पारदर्शक रंग नकोत, दाट ॲक्रिलिक घ्या.

ही विद्या जुनी आहे बरं का. काचेच्या मागून चित्र रंगवायची कला अठराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी चीनमधून व्यापाराच्या वाटेने आपल्याकडे आली. मराठी राजांच्या तंजावरात ती चांगलीच रुजली. तिथले चित्रकार देवांचे दागिने आणि डोळे आधी रंगवत आणि पाठीमागची भिंत शेवटी. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवरची जुनी चित्रं जपून ठेवलेली आहेत. सहलीला गेलात तर त्यांच्यासमोर उभं राहून ओळखा, चित्रकाराने पहिला रंग कोणता लावला असेल? चीनमध्ये तर तपकिरीच्या चिमुकल्या बाटल्या वाकड्या टोकाच्या कुंचल्याने आतून रंगवतात!

आता शेवटची गंमत. चित्र पूर्ण वाळल्यावर गोल बाटलीत काठोकाठ पाणी भरा आणि पुढून बघा. तुमचा किडकिडीत रोहित एकदम लठ्ठ झालेला दिसेल! पाणी भरलेली गोल बाटली भिंगासारखं काम करते. मागच्या काचेवरचं चित्र रुंदीला जवळजवळ दुप्पट दिसतं, उंची मात्र तेवढीच राहते. म्हणून पाणी भरून मनी प्लँट लावायचा विचार असेल, तर पक्षी मुद्दाम अर्ध्या रुंदीचे काढा. पाणी घातलं की ते आपोआप बेताचे होतील. चपट्या बाजूंच्या चौकोनी बाटलीत हा चमत्कार होत नाही. करून बघा, आणि का होत नाही ते विज्ञानाच्या बाईंना विचारा.

आता नवं नाव

बाटली झाली. आता तिचं बारसं!

आत काय ठेवणार, ते ठरवा. पेन्सिली, शंख, बटणं, गोट्या, साठवलेली नाणी, की मनी प्लँट? कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ते लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या मानेला दोऱ्याने बांधा. बुडाला बारीक अक्षरात मार्करने लिहून ठेवा, पूर्वी काय होतं तेही : 'आधी जॅम होता'. तोंडाच्या काठाला दोन बोटं जागा बिनरंगाची ठेवा. ओठ लावून पाणी प्यायला किंवा खाऊ ठेवायला ही बाटली वापरायची नाही.

आणि रंगवलेल्या बाटलीत रॉकेल, फिनेल, ॲसिड, फवारणीचं औषध कधीच ठेवायचं नाही, कुणाला ठेवू द्यायचंही नाही. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला वाचता येत नाही. त्याला रोहित दिसतो, गुलाबी रंग दिसतो आणि आत सरबत आहे असंच वाटतं. सरबताच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल पाणी समजून मुलं पितात आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. बाटली जितकी सुंदर, तितकं ती उघडून बघावंसं वाटणार.

चुकून कुणाच्या पोटात असं काही गेलंच, तर उलटी करायला लावू नका. लगेच मोठ्यांना हाक मारा, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती बाटली किंवा मूळ डबा बरोबर न्या. लेबल वाचलं की डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं. बघा, एवढासा कागद, पण किती कामाचा!

तर मंडळी, आज संध्याकाळी फडताळ उघडा. आईला विचारून तीन बाटल्या काढा. तिघींची लेबलं मोठ्याने वाचा. एखाद्या लेबलवर रंगीत त्रिकोण निघाला, तर ती बाटली आहे तिथेच राहू द्या आणि ती फडताळात आली कशी, हे घरी विचारा. बाकीच्या घेऊन पाण्यात भिजत घाला. उद्या सकाळपर्यंत डिंक मऊ झालेला असेल, आणि मेंढ्यांना धावायला जागा तयार!